दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम समजतो, पण स्वतः लिहिता येत नाही: सराव कसा करावा?

प्रश्न

मी काही महिन्यांपासून पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकत आहे. व्हेरिएबल (किंमत साठवणारे नाव), इफ-एल्स (अटी), फॉर आणि व्हाइल लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणे), लिस्ट (यादी) आणि फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा) इतका भाग शिकून झाला आहे. व्हिडिओत कोणी प्रोग्रॅम लिहीत असताना मला प्रत्येक ओळीचा अर्थ लागतो, आणि पुढची ओळ काय असेल याचा अंदाजही पुष्कळदा बरोबर येतो. मात्र व्हिडिओ बंद करून कोरी फाइल उघडली की सुरुवात कुठून करावी हेच कळत नाही.

एक उदाहरण देते. वापरकर्ता शून्य टाइप करीपर्यंत त्याच्याकडून एकेक संख्या घ्यावी आणि शेवटी सर्व संख्यांची सरासरी दाखवावी, असा एक सराव प्रश्न होता. काय करायचे ते मी तोंडी नीट सांगू शकते: संख्या घ्यायच्या, बेरीज करायची, किती संख्या आल्या ते मोजायचे आणि भागाकार करायचा. पण यातले लूपच्या आधी काय येते, लूपच्या आत काय येते आणि शून्य आले आहे का हे नेमके कुठे तपासायचे, हे ठरवताना माझा गोंधळ उडाला. शेवटी उत्तर पाहिले. ते जेमतेम आठ-दहा ओळींचे होते आणि वाचताक्षणी कळले. काही दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा सोडवायला घेतला, तर पुन्हा त्याच ठिकाणी अडले.

सराव रोज थोडा थोडा करावा की सुट्टीच्या दिवशी सलग बसून करावा? संकेतस्थळांवरची कोडी सोडवावीत, की स्वतःच्या उपयोगाचे काही लहानसे बनवायला घ्यावे? आणि अडल्यावर एआय चॅटबॉटला विचारणे योग्य आहे का? संगणकशास्त्र हा माझ्या शिक्षणाचा विषय नव्हता, त्यामुळे सरावासाठी प्रश्न कसे निवडावेत याबद्दलही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

तुम्ही ज्या प्रश्नावर अडलात तो दिसतो तितका सोपा नाही, हे आधी सांगायला हवे. येल विद्यापीठातील इलियट सोलोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात जवळजवळ हाच प्रश्न नवशिक्या विद्यार्थ्यांना दिला होता. ९९९९९ ही संख्या येईपर्यंत आकडे वाचत जायचे आणि त्यांची सरासरी काढायची, एवढेच त्यात होते, आणि तरीही पुष्कळ विद्यार्थ्यांना तो बरोबर सोडवता आला नाही. पुढे याच प्रश्नाला पावसाच्या नोंदीचे रूप मिळाले आणि प्रोग्रॅमिंग शिकवण्याविषयीच्या संशोधनात तो कसोटीचा प्रश्न म्हणून वारंवार वापरला गेला. यातले एकेक काम सोपे आहे. ती कामे एकाच लूपमध्ये एकमेकांत गुंफणे अवघड आहे. तुम्हाला लूप येतो, बेरीज येते, अट लिहिता येते, पण त्यांची जुळणी करण्याचा सराव झालेला नाही, आणि व्हिडिओत ती जुळणी आयती समोर येत असल्यामुळे तो सराव होण्याची संधीही मिळत नाही.

म्हणून जुळणी टप्प्याटप्प्याने करा. आधी एवढाच प्रोग्रॅम लिहा की तो संख्या घेतो, जशीच्या तशी पुन्हा दाखवतो आणि शून्य आले की थांबतो. तो चालवून पाहा. तो चालल्यावरच बेरीज ठेवणारे व्हेरिएबल त्यात आणा आणि प्रत्येक फेरीत त्याची किंमत छापून पाहा. त्यानंतर संख्या मोजणारे व्हेरिएबल आणि सर्वांत शेवटी भागाकार. प्रत्येक टप्प्यावर तुमच्याकडे चालणारा प्रोग्रॅम असतो, त्यामुळे काही बिघडले तर ते नुकत्याच लिहिलेल्या दोन ओळींमुळेच बिघडले असण्याची शक्यता जास्त असते. अनुभवी लोकही बहुतेक वेळा असेच लिहितात. व्हिडिओत मात्र तयार प्रोग्रॅम वरून खाली एका दमात टाइप केलेला दिसतो आणि प्रोग्रॅम तसाच सुचायला हवा असा समज होतो.

शून्य कुठे तपासायचे याचे उत्तर पाठ करू नका, ते कागदावर शोधा. ४, ८ आणि ० या क्रमाने संख्या आल्या असे समजा. एका रकान्यात आलेली संख्या, दुसऱ्यात बेरीज, तिसऱ्यात मोजणी असा तक्ता आखा आणि आपल्या प्रोग्रॅमची एकेक ओळ स्वतः संगणक असल्याप्रमाणे पाळत जा. संख्या मिळाल्याबरोबर तपासणी केली तर बेरीज १२ आणि मोजणी २ राहते व सरासरी ६ येते. तपासणी लूपच्या तळाशी केली, तर शून्य मिळवल्याने बेरीज बदलत नाही, पण मोजणी ३ होते आणि सरासरी ४ येते. थांबण्याची खूण शून्य असल्यामुळे चुकीचा अर्धा भाग दिसतच नाही, म्हणून ती लवकर सापडत नाही. खूण ९९९९९ असती तर उत्तर पाहताच काहीतरी चुकले आहे हे कळले असते. याच तक्त्यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येईल: वापरकर्त्याने पहिलीच संख्या शून्य दिली तर मोजणी शून्य राहते आणि शून्याने भागण्याचा प्रयत्न होऊन प्रोग्रॅम बंद पडतो. त्यासाठी भागाकारापूर्वी एक अट लागते.

हा तक्ता मांडण्याचा सराव मला सर्वांत मोलाचा वाटतो. रेमंड लिस्टर आणि अनेक देशांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना लहान लहान कोड देऊन ते चालवल्यावर काय उत्तर येईल असे विचारले होते. त्यातही अनेक विद्यार्थी कच्चे आढळले. समजल्यासारखे वाटणे आणि प्रत्येक व्हेरिएबलची किंमत नेमकी सांगता येणे यांत बरेच अंतर आहे. म्हणून कोणताही कोड चालवण्यापूर्वी त्याचे उत्तर कागदावर लिहायचे आणि मगच तो चालवायचा, ही सवय लावून घ्या. रेंजला (ओळीने संख्या देणारी पायथनची सोय) १ आणि १० देऊन त्या सर्व संख्यांची बेरीज केली तर उत्तर ५५ येईल असे पुष्कळ जण लिहितात, आणि पडद्यावर ४५ येते, कारण पायथनची रेंज शेवटची संख्या धरत नाही. स्वतःचा अंदाज असा एकदा चुकला की तो नियम पक्का लक्षात राहतो.

आता तोच प्रश्न पुन्हा का अडला, याविषयी. उत्तर पाहून समजले की आपल्याला आले असे वाटते, पण त्या वेळी आपण फक्त ओळखत असतो. आठवून काढत नसतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मजकूर पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, पण एका आठवड्यानंतर मात्र मजकूर न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे गेले. म्हणून उत्तर पाहिलेच तर ते बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या आणि कोऱ्या फाइलपासून लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहा. तिसऱ्या वेळी प्रश्न थोडा बदला: सरासरीऐवजी सर्वांत मोठी संख्या शोधा. तेव्हा तुम्ही कदाचित सुरुवातीची किंमत शून्य धराल, आणि सगळ्या संख्या ऋण दिल्या की उत्तर चुकेल. असा एक प्रश्न पाच प्रकारे फिरवून सोडवणे हे पाच असंबद्ध प्रश्न एकेकदा सोडवण्यापेक्षा सुरुवातीच्या काळात अधिक उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे.

वेळेबद्दल थोडक्यात: रोज अर्धा तास हा आठवड्यातून एकदा सलग चार तास बसण्यापेक्षा बरा. अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते हे मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते, आणि कौशल्यांच्या बाबतीतही तसाच अनुभव येतो.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. त्यात एका गोष्टीची भर घालावीशी वाटते, ती म्हणजे एरर वाचण्याचा सराव. नवीन शिकणारे लाल अक्षरे दिसली की कोड घाईने बदलू लागतात, आणि संदेश वाचायचा राहून जातो. पायथनचा एरर संदेश शेवटच्या ओळीपासून वाचायला सुरुवात करावी, कारण चुकीचा प्रकार आणि तिचे वर्णन तिथे असते. त्याच्या वर ओळीचा क्रमांक असतो. कंस बंद करायचा राहिला असेल तर जुन्या आवृत्त्या पुढच्याच ओळीकडे बोट दाखवत असत. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून कोणता कंस उघडा राहिला हे स्पष्ट सांगितले जाते, त्यामुळे तुमच्याकडे जुनी आवृत्ती असेल तर नवी घ्यावी.

एररशिवाय चुकणारे प्रोग्रॅम अधिक त्रासदायक असतात. इनपुटने, म्हणजे वापरकर्त्याने टाइप केलेले घेणाऱ्या सोयीने, मिळणारी गोष्ट नेहमी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची मालिका, असते; तिचे संख्येत रूपांतर केले नाही, तर ५ आणि ७ यांची बेरीज ५७ येते आणि ५ ला ३ ने गुणल्यास ५५५ मिळते. पायथन यात काहीच तक्रार करत नाही. तसेच ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ आहे का, असे विचारल्यास उत्तर नाही असे येते, कारण हे दशांश अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत नेमके मांडता येत नाहीत आणि बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी निघते. यामुळे अपूर्णांकांची तुलना बरोबरीच्या चिन्हाने न करता त्यांतील फरक पुरेसा लहान आहे का, असे तपासावे लागते.

माझी सूचना अशी की चालणारा प्रोग्रॅम घ्यावा आणि तो मुद्दाम बिघडवावा. एक कोलन काढा, एका व्हेरिएबलचे नाव चुकवा, एक ओळ लूपच्या बाहेर सरकवा, आणि प्रत्येक वेळी काय होते ते वहीत लिहून ठेवा. कोणत्या चुकीमुळे कोणता संदेश येतो याची ओळख झाली की खऱ्या कामात तोच संदेश आल्यावर घाबरायला होत नाही.

तिसरा प्रतिसाद

कोडी की स्वतःचा लहान प्रोग्रॅम, या प्रश्नावर माझे मत थोडे वेगळे आहे. स्पर्धेसाठी बनवलेली संकेतस्थळे सुरुवातीला टाळावीत. तिथे वेग मोजला जातो, गुणतक्ते असतात, आणि ज्याला अजून लूपची जुळणी साधत नाही त्याने वेगाची चिंता करणे मला अनाठायी वाटते. तथापि उत्तर तपासून देणारे प्रश्न उपयोगी असतात, कारण आपले चुकले की बरोबर आले हे लगेच कळते.

२००१ पासून चालू असलेल्या प्रोजेक्ट ऑयलर या संकेतस्थळाचा पहिला प्रश्न यासाठी उत्तम आहे. १००० पेक्षा लहान असलेल्या आणि ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या सर्व संख्यांची बेरीज त्यात विचारली आहे. प्रश्नातच लहान उदाहरण दिलेले आहे: १० च्या खाली ३, ५, ६ आणि ९ या संख्या येतात आणि त्यांची बेरीज २३ होते. तुमचा प्रोग्रॅम आधी १० साठी चालवा आणि २३ आले तरच १००० कडे वळा. मात्र इतक्याने निर्धास्त होऊ नका, कारण १० च्या खाली दोन्हींनी भाग जाणारी एकही संख्या नाही. ज्यांनी ३ च्या पटींची आणि ५ च्या पटींची बेरीज वेगवेगळी करून एकत्र केली, त्यांचे २३ बरोबर येते, पण १००० साठी २३३१६८ ऐवजी २६६३३३ येते. १५ च्या पटी दोनदा मोजल्या गेल्यामुळे ३३१६५ चा फरक पडतो. चाचणीसाठी निवडलेले उदाहरण पुरेसे अवघड आहे का, हा विचार इथेच शिकायला मिळतो. या संकेतस्थळावरचे पुढचे प्रश्न झपाट्याने गणिताकडे झुकतात, तेव्हा तिथे अडलात तर आपले प्रोग्रॅमिंग कच्चे आहे असे मुळीच समजू नका.

मी नवशिक्यांना आवर्जून देतो तो प्रश्न दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या संख्येचा. शाळेत शिक्षक असलेल्या या गणितज्ञाने १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. सर्व अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि पुढे तेच येत राहते. उदाहरणार्थ ३५२४ पासून ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. या एका प्रश्नात स्ट्रिंग आणि संख्या यांतील रूपांतर येते, क्रम लावणे येते आणि किती फेऱ्या लागतील हे आधी माहीत नसलेला व्हाइल लूपही येतो. शिवाय प्रत्येक पायरी कागदावर पडताळता येते.

स्वतःच्या उपयोगाचा लहान प्रोग्रॅम जरूर करावा, पण अशा पाच-सहा प्रश्नांनंतर. एखाद्या मजकुराच्या फाइलमध्ये कोणता शब्द किती वेळा आला आहे हे मोजणे, एवढे काम पहिल्या प्रकल्पासाठी पुरेसे आहे.

धागाकर्तीचा प्रतिप्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. सरासरीचा प्रोग्रॅम टप्प्याटप्प्याने लिहिल्यावर जमला, आणि तपासणी तळाशी ठेवली तर काय होते हे तक्त्यावरून नीट समजले.

त्यानंतर कापरेकरांच्या संख्येचा प्रोग्रॅम लिहिला. ३५२४ साठी तिन्ही पायऱ्या बरोबर आल्या. मग आणखी काही संख्या देऊन पाहिल्या. २१११ दिल्यावर मात्र प्रोग्रॅम थांबतच नाही. प्रत्येक फेरीत किंमत छापून पाहिली तर आधी ९९९ येते, त्यानंतर शून्य, आणि मग शून्यच येत राहते. २१११ मध्ये सर्व अंक सारखे नाहीत, म्हणजे नियमाप्रमाणे ६१७४ यायला हवे. चूक नेमकी कुठे आहे ते उघड न सांगता दिशा दाखवलीत तर बरे होईल. तसेच एआय चॅटबॉटबद्दलच्या माझ्या प्रश्नावर अजून कोणी लिहिलेले नाही.

चौथा प्रतिसाद

किंमत छापून पाहिलीत हे फार चांगले केलेत, कारण उत्तर तुमच्याच निरीक्षणात आहे. २१११ वजा १११२ हे कागदावर करा आणि उत्तर चार अंकी संख्या म्हणूनच लिहा. त्यानंतर तुमचा प्रोग्रॅम त्या उत्तराचे अंक वेगळे करतो तेव्हा त्याला किती अंक मिळतात हे पाहा. इतके वाचून थांबायचे असेल तर पुढचा परिच्छेद नंतर वाचा.

चार अंकांत लिहिल्यास वजाबाकी ०९९९ आहे. संख्या म्हणून साठवताना पुढचे शून्य नाहीसे होते आणि तीनच नऊ उरतात. ९९९ मधून ९९९ वजा केल्यावर शून्य येणारच. स्ट्रिंग करताना डावीकडे शून्ये भरून ती चार अक्षरी करा, त्यासाठी पायथनमध्ये स्ट्रिंगची झेडफिल ही सोय आहे. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१ येते आणि पुढे ८०८२, ८५३२ व ६१७४ असा क्रम लागतो. ही चूक मोजक्या संख्यांनाच बाधते: ज्यांत तीन अंक सारखे आहेत आणि चौथा त्यांच्याहून एकाने मोठा किंवा लहान आहे. १००० ते ९९९९ पर्यंतच्या प्रत्येक संख्येवर तुमचा जुना प्रोग्रॅम चालवून कोणत्या संख्या शून्यावर अडकतात हे मोजा. सर्व अंक सारखे असलेल्या नऊ संख्या वगळल्यास अशा ६८ संख्या निघायला हव्यात. सगळ्या शक्य संख्यांवर प्रोग्रॅम चालवून पाहणे नेहमी जमत नाही, पण जिथे जमते तिथे ते जरूर करावे.

एआय चॅटबॉटबद्दल माझे मत तुम्ही वर केलेल्या विनंतीशी जुळणारे आहे. चूक उघड न सांगता दिशा दाखवा, असे तुम्ही आम्हाला म्हणालात, तेच त्यालाही सांगता येते. स्वतःचा प्रयत्न झाल्यावर, कोड आणि आलेले चुकीचे उत्तर दोन्ही देऊन, कोणती गोष्ट तपासावी इतकेच विचारा. एररच्या संदेशाचा अर्थ विचारायलाही हरकत नाही. तुमचा प्रोग्रॅम कोणत्या इनपुटवर कोलमडू शकेल असे विचारणे मला सर्वांत उपयुक्त वाटते, कारण तशी इनपुट शोधणे नवशिक्यांना जड जाते आणि ती मिळाल्यावरही दुरुस्ती तुम्हालाच करावी लागते. पूर्ण प्रोग्रॅम मात्र मागू नका. तो वाचताक्षणी कळेल, आणि तुमची अडचण नेमकी तीच आहे. तो चुकीचाही असू शकतो, आणि सरावाच्या या टप्प्यावर ती चूक ओळखणे तुम्हाला कठीण जाईल.

आता पुढचे काम. सध्या तुमचा सगळा कोड बहुधा एकाच लूपमध्ये असेल. त्याची फंक्शने करा: एक फंक्शन संख्या घेऊन एका पायरीनंतरची किंमत परत करते, दुसरे ६१७४ पर्यंत किती पायऱ्या लागल्या ते सांगते. पहिल्या फंक्शनला ३५२४, २१११ आणि ६१७४ देऊन ३०८७, ९९९ आणि ६१७४ येतात का हे स्वतंत्रपणे तपासा. त्यानंतर अंकांची संख्या हाही त्या फंक्शनचा एक पॅरामीटर (बाहेरून दिली जाणारी किंमत) करा आणि तीन अंकांसाठी चालवा. तिथे ४९५ येते. दोन अंकांसाठी चालवाल तेव्हा प्रोग्रॅम पुन्हा थांबेनासा होईल, पण या वेळी तुमची चूक नसेल: ०९ वरून ८१, मग ६३, २७, ४५ आणि परत ०९ असे चक्र तिथे तयार होते. येऊन गेलेल्या किमती लक्षात ठेवून पुनरावृत्ती होताच थांबणारा लूप कसा लिहायचा, हा त्यानंतरचा प्रश्न. त्यासाठी पायथनमधला सेट (एकही किंमत दोनदा न ठेवणारा संच) हा प्रकार वाचा, आणि अडल्यास तुमचा कोड इथे टाका.